बाइकला लावलेलं सामान आणि विमा: आधी कागद, मग पाना

तुमच्या पॉलिसीचं पहिलं पान काढा. गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चासी नंबर, आणि त्याखाली आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीचा तक्ता. त्यात 'वाहन' या रकान्यात एक आकडा असेल. त्याच्या शेजारी 'नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज' आणि 'इलेक्ट्रिकल/इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेसरीज' असे दोन रकाने असतात. मित्रांच्या ज्या पॉलिस्या मी आजवर चाळल्या, त्यातल्या बहुतेकांत तिथे शून्य होतं आणि गाडीवर मात्र तीस-चाळीस हजारांचं सामान.

त्या शून्याचा अर्थ सरळ आहे: क्रॅश गार्ड, पॅनियर (मागे दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या), जादा दिवे यांपैकी काहीही तुमच्या गाडीवर आहे हे कंपनीला माहीत नाही. 'फुल इन्शुरन्स आहे, सगळं कव्हर होतं' असं सांगणारा एजंट मुद्दाम खोटं बोलत असतो असंही नाही. त्याने तुमची गाडी पाहिलेलीच नसते.

चुका बहुतेक क्रम उलटा झाल्यामुळे होतात. सामान बसतं, फोटो निघतात, लांबची ट्रिप होते, गाडी पडते आणि मग पॉलिसी उघडली जाते. खाली जो क्रम दिलाय तो भारतातल्या दुचाकी पॉलिसीसाठी आहे.

१. गाडीवर काय काय आहे ते लिहून काढा

कागद घ्या आणि गाडीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक जादा वस्तू चारपैकी एका गटात टाका.

पहिला गट कारखान्यातून गाडीबरोबर आलेल्या वस्तूंचा, म्हणजे ज्यांची किंमत कंपनीच्या जाहीर विक्री किमतीत धरलेली आहे. यांची काळजी नको, त्या आयडीव्हीत आहेतच.

दुसरा गट शोरूमने डिलिव्हरीच्या दिवशी बसवलेल्या वस्तूंचा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लेग गार्ड, सीट कव्हर, विंडस्क्रीन, टॉप रॅक या वस्तू त्याच कंपनीच्या डब्यातून आल्या, बिलही शोरूमचंच, म्हणून लोक समजतात की त्या गाडीच्या किमतीत गेल्या. तसं नसतं. आयडीव्ही निघतो तो जाहीर विक्री किमतीवरून, तुम्ही शोरूमला मोजलेल्या एकूण रकमेवरून नाही. वस्तू 'जेन्युइन' असली तरी विम्याच्या हिशेबात ती बाहेरचीच.

तिसरा गट खरोखर बाहेरून आणलेल्या आणि गाडीला पक्क्या बसवलेल्या वस्तूंचा.

चौथ्या गटात हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, हँडलवरचा मोबाइल आणि पॅनियरच्या आतलं सामान. गाडीच्या पॉलिसीत यातलं काहीच येत नाही. या गटावर काट मारा.

दुसरा आणि तिसरा गट घेऊन पुढे चला. त्यात आणखी दोन भाग करा: ज्याला वायर जाते ते इलेक्ट्रिकल, बाकी नॉन-इलेक्ट्रिकल. हीटेड ग्रिप इलेक्ट्रिकल, साधी ग्रिप नॉन-इलेक्ट्रिकल. दोघांचा हप्ता वेगळ्या दराने लागतो, म्हणून ही विभागणी.

२. कायद्याच्या चाळणीतून काढा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबाबत हीच कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

विम्याशी याचा संबंध असा: बेकायदा बदलावर हप्ता भरून तो कायदेशीर होत नाही. उलट क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या, हाती आयतं कोलीत मिळतं.

माझी ढोबळ विभागणी सांगतो. क्रॅश गार्ड, पॅनियर आणि त्याचा स्टँड, टॉप बॉक्स, विंडस्क्रीन, बॅश प्लेट, नकल गार्ड हे 'जोडलेलं' सामान. काढलं की गाडी मूळ रूपात येते, आणि विमा कंपन्या हे सहसा बिनतक्रार घेतात. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, इंजिनातले बदल, ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगमध्ये बदल), चासीची काटछाट, कंपनीने मान्य न केलेल्या मापाचे टायर हे 'बदललेलं' सामान. याच्या नोंदीच्या भानगडीत पडण्याआधी ते गाडीवर हवंच का, हे ठरवा. रंग बदलला असेल तर आधी आरटीओत नोंद, मग विमा कंपनीत.

*इशारा:* पॅनियरचा स्टँड बसवताना फिटर साडी गार्ड काढून बाजूला ठेवतो आणि तुम्ही तो घरी माळ्यावर टाकता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हँडग्रिप, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं संरक्षण असावं लागतं. स्टँड असा निवडा की साडी गार्ड जागेवर राहील.

३. बिलं गोळा करा, किंमत ठरवा

बिलावर तुमचं नाव, वस्तूचं नाव आणि मॉडेल, तारीख, जीएसटी क्रमांक हवा. गाडीचा नंबर लिहून मिळाला तर उत्तम. दुकानदाराला बिल करतानाच सांगा, नंतर कोणी लिहून देत नाही. 'बिल नको असेल तर एवढे कमी होतील' हा सौदा इथे महागात पडतो. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी किंमत मान्य करत नाही.

बसवण्याची मजुरी वेगळी लिहून घ्या. विम्यात वस्तूची किंमत धरली जाते.

मग फोटो. गाडी चारही बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे. प्रत्येक वस्तू जवळून, आणि तिच्यावर सीरियल नंबर असेल तर तो वाचता येईल असा. सगळं स्वतःला ई-मेल करून ठेवा, म्हणजे तारखेचा पुरावाही झाला.

जुन्या वस्तूला नव्याची किंमत लावू नका. गाडीच्या आयडीव्हीला घसारा, म्हणजे वयाप्रमाणे किमतीतली घट, लागतो तसाच अ‍ॅक्सेसरीजच्या किमतीलाही लागतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि तुम्ही मिळून आकडा ठरवता. गाडी तीन वर्षांची आणि पॅनियर कालचे असतील, तर घसारा गाडीच्या वयाने लावणार की वस्तूच्या, हे लेखी विचारून घ्या.

४. पॉलिसीचा प्रकार निवडा

इथे फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट पक्की करा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिच्यात दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, तुमच्या गाडीचं नाही. मग अ‍ॅक्सेसरीजचा प्रश्नच येत नाही.

गडबड होते ती नव्या गाडीच्या दुसऱ्या वर्षी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर पाच वर्षांनंतरची तारीख पाहून माणूस निवांत होतो आणि दुसऱ्या वर्षी गाडी उघडी पडते. ओन डॅमेजचा भाग वेगळा, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. अ‍ॅक्सेसरीज जोडायच्या त्या याच भागाला, म्हणून कंपनी निवडताना सर्वांत स्वस्त हप्त्याआधी एक प्रश्न विचारा: तुमच्या फॉर्ममध्ये अ‍ॅक्सेसरीजची किंमत भरायला जागा आहे का? काही अ‍ॅपवर तीन टिचक्यांत पॉलिसी निघते, पण हा रकाना समोर येतच नाही किंवा 'आणखी पर्याय'च्या खाली दडलेला असतो.

जोड-कव्हरांबद्दल दोनच गोष्टी. झीरो डेप गाडीच्या भागांवरचा घसारा माफ करतं. न कळवलेल्या वस्तूला ते लागू होत नाही, आणि कळवलेल्या वस्तूला लागू आहे का हे विचारावंच लागतं. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (गाडी पूर्ण गेली तर बिलाइतकी रक्कम देणारं कव्हर) गाडीच्या बिलापुरतं असतं, नंतर लावलेल्या सामानाचं बिल त्यात आपोआप धरलं जात नाही.

*तपासा:* ओन डॅमेज संपण्याची तारीख आणि थर्ड पार्टी संपण्याची तारीख दोन्ही शोधून फोनमध्ये वेगवेगळ्या टाका.

५. अ‍ॅक्सेसरीजची नोंद करून घ्या

नूतनीकरणाची वेळ जवळ असेल तर तेव्हाच फॉर्ममध्ये किंमत भरा. पॉलिसी मध्यावर असेल तर थांबू नका, एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीला जोडायची नोंद, मागा. उरलेल्या दिवसांपुरताच हप्ता लागतो. ई-मेलमध्ये पॉलिसी क्रमांक, वस्तूंची यादी दोन गटांत, प्रत्येकाची किंमत, बिलं आणि फोटो पाठवा. कंपनी गाडी पाहायला माणूस पाठवेल किंवा व्हिडिओ मागेल.

हप्ता किती वाढतो? लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच कमी. जुन्या मोटर टॅरिफमधले दर आजही बहुतेक कंपन्यांच्या हिशेबाचा पाया आहेत. त्यात इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी किमतीच्या ४ टक्के; या एंडोर्समेंटचा क्रमांक आयएमटी-२४ (आयएमटी म्हणजे इंडिया मोटर टॅरिफ). नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत आयडीव्हीत मिळवतात आणि गाडीचाच दर लावतात. १५० ते ३५० सीसीची, पाच वर्षांच्या आतली गाडी पुणे-मुंबईसारख्या 'अ' विभागात असेल तर तो १.७९३ टक्के. म्हणजे घसारा वजा करून ३०,००० रुपयांचे पॅनियर आणि गार्ड असतील तर साधारण ५३८ रुपये, १०,००० रुपयांच्या दिव्यांचे ४००. वर जीएसटी. कंपनीची सवलत आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बसले तर आणखी कमी. चाळीस हजारांच्या सामानासाठी वर्षाला हजाराच्या आसपास.

आता या पायरीतला खरा खड्डा. मी स्वतः यात पडलोय.

माझ्या गाडीला लावलेले दोन जादा दिवे मी रीतसर कळवले होते. बिल दिलं होतं, ४ टक्के भरले होते, पॉलिसीत आकडा छापून आला होता. एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो तर दिवे नाहीत. वायर पक्कडीने सरळ कापलेल्या, क्लॅम्प तसेच जागेवर. तक्रार केली, क्लेम टाकला. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं: गाडी चोरीला गेलेली नसल्यामुळे दावा देय नाही.

चिडलो, पण कंपनी कागदावर बरोबर होती. दुचाकीच्या प्रमाण पॉलिसीतल्या अपवादांत स्पष्ट लिहिलेलं असतं की अ‍ॅक्सेसरीजची चोरी झाली, पण त्याच वेळी गाडी चोरीला गेली नाही, तर भरपाई नाही. म्हणजे कळवलेली वस्तू अपघातात तुटली तर पैसे, गाडीसकट गेली तर पैसे, एकटी गेली तर काही नाही. आणि दिवे, आरसे, टॉप बॉक्स चोरीला जातात ते एकटेच!

यावर उपाय आहे: आयएमटी-३३. खास दुचाकींसाठीचं हे एंडोर्समेंट गाडी जागेवर असतानाही झालेली अ‍ॅक्सेसरीजची चोरी धरतं. प्रत्येक कंपनी ते देतेच असं नाही, आणि मागितल्याशिवाय कोणी समोर ठेवत नाही. क्रमांक लिहून मागा. नाही म्हणाले तर नकार लेखी घ्या आणि काढता येणारं सामान रात्री घरात न्यायची सवय लावा.

*इशारा:* नूतनीकरणाच्या तपासणीत काढलेल्या फोटोत पॅनियर दिसतात, म्हणजे ते कळवले असं होत नाही. रकान्यात आकडा आणि हप्ता भरलेला असेल तरच नोंद झाली.

६. पॉलिसी हाती आली की वाचा

पंधरा मिनिटांचं काम आहे. आयडीव्हीच्या तक्त्यातले दोन्ही रकाने भरलेत का? हप्त्याच्या तपशिलात त्यांची रक्कम वेगळी दिसते का? लागू एंडोर्समेंटच्या यादीत आयएमटी-२४, आणि घेतलं असेल तर ३३, छापलंय का? इंजिन व चासी नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळतात का? गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव आहे का?

चूक सापडली तर त्याच दिवशी ई-मेल करा. फोनवर 'करून टाकतो साहेब' ऐकून ठेवून देऊ नका.

वस्तूंची यादी पॉलिसीवर सहसा छापली जात नाही, फक्त एकूण रक्कम येते. म्हणून तुम्ही पाठवलेला यादीचा ई-मेल आणि त्याची पोच जपून ठेवा. उद्या 'या दहा हजारांत नेमकं काय होतं?' असा प्रश्न आला तर उत्तर त्या मेलमध्येच आहे.

७. क्लेमची वेळ आली तर

गाडी पडली की आधी माणूस, मग फोटो, मग फोन. कंपनीला कळवल्याशिवाय गाडी उघडू नका. गॅरेजवाला घाईने वाकलेला गार्ड कापून काढतो आणि भंगारात टाकतो. सर्व्हेअर येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. तुटका तुकडासुद्धा गोणीत भरून ठेवा. सर्व्हेअरच्या हातात वस्तूंची यादी, बिलं आणि पॉलिसीचं ते पान एकदम द्या. त्याच्याकडच्या अंदाजपत्रकात गाडीचे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज वेगळ्या ओळींत आहेत का, तेही तिथेच पाहा.

चोरी असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाणं आणि त्याच दिवशी कंपनी. फिर्यादीत चोरीला गेलेल्या वस्तूंची नावं मॉडेलसह लिहून घ्या. 'गाडीचं सामान' एवढंच लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी थांबवा.

हातात किती पडेल याचा अंदाज आधीच असू द्या. दुरुस्तीच्या क्लेममध्ये प्लॅस्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा जातो, फायबरग्लासवर ३० टक्के. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५, मग १०, १५, २५, ३५, आणि पाच ते दहा वर्षांत ४०. म्हणजे १२,००० चा प्लॅस्टिकचा टॉप बॉक्स फुटला तर ६,००० धरून चाला. अडीच वर्षांच्या गाडीवर त्याच किमतीचा अ‍ॅल्युमिनियमचा बॉक्स असेल तर १०,२००. टायरचं नुकसान एकट्याने झालं तर काहीच मिळत नाही. गाडीलाही मार लागलेला हवा, आणि तेव्हाही निम्मेच.

क्लेम टाकावा की खिशातून भागवावं, याचाही हिशेब करा. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता २,५०० आहे आणि तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलाय. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, आणि पुढे २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा ५० वर चढतो. या पाच वर्षांत गमावलेली सवलत मिळवली तर एका वर्षाच्या हप्त्याच्या १२५ टक्के होते, म्हणजे सुमारे ३,१००. नो क्लेम बोनस वाचवणारं जोड-कव्हर नसेल, तर २,००० च्या विंडस्क्रीनसाठी क्लेम म्हणजे शुद्ध तोटा.

क्लेम नाकारला गेला तर कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माझ्या दिव्यांसारखं पॉलिसीतच स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मात्र तो वेळ वाचवा.

८. जुनी गाडी घेताना

सामानाने सजलेली सेकंडहँड गाडी घेतली तर आधीच्या मालकाची पॉलिसी तुमच्या नावावर करण्यासाठी व्यवहारापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. अ‍ॅक्सेसरीजची बिलं त्याच्याकडून गाडी घेतानाच मागा, आणि विक्रीच्या कागदावर प्रत्येक वस्तूचं नाव लिहून त्याची सही घ्या. पैसे दिल्यानंतर तो बिलं शोधत बसणार नाही. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून, कागद घेऊन गाडीभोवती फेरी. कारण त्याने काय काय बदललंय हे त्यालाही सगळं आठवत नसतं, आणि साडी गार्ड बहुधा त्याच्याच माळ्यावर असतो.